सहा भोकांचा दगड

"बाई, रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी तुमचा लेख हवाच. मुलाकडे इंग्लंडला जाऊन आलात ना? मग प्रवासवर्णन द्या," असा संपादक मंडळाचा निरोप आला. मी हो म्हटलं आणि अडचणीत सापडले. कारण आपल्या सोसायटीतल्या निम्म्या घरांतली मुलं परदेशी आहेत. लंडनचा पूल, राजवाडा, म्युझियम हे सगळं तुम्ही माझ्याआधी पाहिलेलं आहे, आणि फोटो तर ग्रुपवर आलेलेच आहेत. तेव्हा ते सगळं सोडून मी एका लहानशा खेड्याविषयी लिहिणार आहे. तिथे राजवाडा नाही, किल्ला नाही, खरेदीला दुकानंही फारशी नाहीत. पण बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून जे मला नीट कळलं नव्हतं, ते तिथे एका दगडापाशी उभं राहिल्यावर कळलं. त्याचा आपल्या सोसायटीशीही थोडा संबंध आहे. तो शेवटी येईल.

मुलगा शेफील्डला असतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात दोन महिने त्याच्याकडे होते. एका रविवारी सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला इतिहासाची आवड, चला तुम्हाला एक गाव दाखवते." शेफील्डपासून गाडीने पाऊण तासाच्या आत डर्बीशायर परगण्यातल्या डोंगराळ भागात, पीक डिस्ट्रिक्टमध्ये, हे गाव आहे. पाटीवर इंग्रजीत ई-वाय-ए-एम अशी अक्षरं. मी आपलं सरळ 'एयाम' वाचलं. नातू मागून हसला आणि म्हणाला, "आजी, ईम!" इंग्रजांच्या स्पेलिंगबद्दल मी वर्गात काय काय बोलले आहे ते आठवून गप्प बसले.

गाव इतकं शांत की गाडीचं दार लावल्याचा आवाजही मोठा वाटावा. राखाडी दगडांची घरं, अंगणात गुलाब, आजूबाजूला हिरवी कुरणं आणि कुरणांना चुना-माती न लावता नुसते दगड रचून घातलेले गडगे. मध्यभागी संत लॉरेन्सचं चर्च, त्याच्या आवारात आठव्या शतकातला म्हणतात असा दगडी क्रूस. ज्यात गुन्हेगाराचे पाय अडकवून बसवायचे ती लाकडी खोडा-चौकट अजून चौकात आहे. गावाच्या छोट्या संग्रहालयावर वाऱ्याची दिशा दाखवणारं जे यंत्र आहे, त्यावर कोंबडा नाही, उंदीर आहे. तिथपासून मनात काहीतरी हलायला लागतं. चर्चला लागून असलेल्या घरांपुढे हिरव्या पाट्या आहेत. या घरात कोण राहत होतं, त्यातलं कोण गेलं, कोण वाचलं, असं नावनिशीवार. आणि सगळी सालं १६६५ आणि १६६६.

कापडाचं गाठोडं

१६६५ म्हटलं की आपल्याला आठवतो पुरंदरचा तह. त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं. ईम लंडनपासून दीडशे मैलांहून दूर. खाणीत शिसं काढणारे आणि शेती करणारे लोक. त्यांना राजधानीतल्या आजाराचं भय असण्याचं कारण नव्हतं. पण गावात अलेक्झांडर हॅडफील्ड नावाचा शिंपी होता. त्याच्याकडे लंडनहून कापड आलं. ते ओलसर झालं होतं म्हणून जॉर्ज विकर्स या त्याच्या मदतनिसाने चुलीसमोर वाळत घातलं. कापडात पिसवा होत्या, असं मानलं जातं. काही दिवसांतच विकर्स तापाने फणफणला आणि ७ सप्टेंबर १६६५ ला त्याला मूठमाती दिली. मग त्या घरातली दोन मुलं गेली. मग शेजारी. मग पलीकडची आळी.

आज आपण सहज 'पिसवा' म्हणून जातो. पण प्लेगचा जंतू सापडला १८९४ साली, हाँगकाँगमध्ये, यर्सिन या शास्त्रज्ञाला. आणि उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात हे दाखवलं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये, तेही आपल्याकडे, तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या कराचीत. म्हणजे ईममधल्या माणसांना सव्वादोनशे वर्षं आधी यातलं काहीच माहीत नव्हतं. कुणी म्हणे हवा बिघडली, कुणी म्हणे देवाचा कोप. माहीत एवढंच होतं की आजारी माणसाजवळ गेलेला आजारी पडतो.

हिवाळ्यात साथ जरा ओसरली. लोकांना वाटलं, सुटलो. पण १६६६ च्या जूनमध्ये ती दुप्पट जोराने परतली. (पहिली लाट, दुसरी लाट. आपल्याला आता हे वेगळं सांगायला नको.) ज्यांची ऐपत होती, बाहेर नातेवाईक होते, असे काही लोक आधीच गाव सोडून गेले होते. बाकीचेही निघायच्या बेतात होते. ते निघाले असते तर आजार त्यांच्या बोचक्यांबरोबर आजूबाजूच्या गावांत आणि शहरांत गेला असता.

दोन कमिट्या एकत्र येतात

इथे दोन माणसं पुढे येतात. एक विल्यम मॉम्पेसन. गावचा नवा धर्मगुरू, येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, वय तिशीच्या आत. बायको कॅथरिन आणि दोन लहान मुलं. दुसरे थॉमस स्टॅन्ली, आधीचे धर्मगुरू. इंग्लंडात राजा परत गादीवर आल्यावर १६६२ मध्ये कायदा झाला, की सरकारमान्य प्रार्थनापुस्तक सर्वांनी मान्य करायचं. स्टॅन्लींनी ते मानलं नाही, म्हणून त्यांची जागा गेली. पण गाव त्यांच्या बाजूचं. नव्या माणसाकडे लोक पाहायचे ते जरा आडव्याच नजरेने. सोसायटीत कमिटी बदलली की जुन्या आणि नव्या कमिटीत जे काही चालतं, ते तुम्ही जाणताच. इथे तर धर्म आणि राजकारण दोन्ही होतं.

तरीही मॉम्पेसन स्टॅन्लींकडे गेले. एकट्याच्या शब्दाने गाव ऐकणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. पहिली, यापुढे चर्चच्या आवारात दफन नाही. ज्याचं माणूस त्याने आपल्या शेतात, अंगणात पुरायचं. दुसरी, चर्च बंद. प्रार्थना होईल ती बाहेर, कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत, कुटुंबं एकमेकांपासून अंतर ठेवून उभी राहतील. आणि तिसरी, सगळ्यात कठीण: गावाभोवतीची हद्द ओलांडून कुणी बाहेर जायचं नाही आणि कुणी आत यायचं नाही. साथ संपेपर्यंत.

चॅट्सवर्थचे जहागीरदार, अर्ल ऑफ डेव्हनशर, यांनी मदतीचा शब्द दिला. हद्दीवर ठरलेल्या ठिकाणी धान्य, औषधं ठेवली जात. ठेवणारे निघून गेले की गावकरी येऊन उचलत. गावाच्या वरच्या अंगाला एक झरा आहे, त्याला आजही मॉम्पेसनची विहीर म्हणतात. तिथे वाहत्या पाण्यात पैसे टाकत. आणि स्टोनी मिडलटन या शेजारच्या गावाच्या वाटेवर एक दगड आहे.

त्या दगडापर्यंत आम्ही चालत गेलो. कुरणातून पायवाट जाते. मला वाटलं होतं काही मोठी शिळा असेल, कुंपण असेल. कसलं काय! गवतात पडलेला, दोन माणसांना बसता येईल एवढा दगड. वर सहा भोकं. त्या भोकांत व्हिनेगर ओतायचे आणि त्यात नाणी ठेवायचे, म्हणजे आजार नाण्याबरोबर जाऊ नये. नातवाने त्यात बोट घातलं. पावसाचं पाणी होतं. मला आपल्या गेटवरचं टेबल आठवलं, २०२० मधलं. सॅनिटायझरची बाटली, आणि नोटा इस्त्री करून घेणारे आपले ए विंगचे आजोबा. तेव्हा आपण त्यांना हसलो होतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीची माणसं तेच करत होती.

रायलीची सात थडगी

दगडापासून परत फिरून आम्ही गावाच्या पूर्वेला, चढावर गेलो. रायली नावाची जागा आहे. उघड्या शेतात एक गोल दगडी भिंत आणि आत सात थडगी. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने आपला नवरा आणि सहा मुलं ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत इथे पुरली. तिने एकटीने. कारण नियमच होता, ज्याचं माणूस त्याने पुरायचं, आणि घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. स्वतः ती वाचली, आणि पुढे शेफील्डला असलेल्या मुलाकडे गेली. मीही शेफील्डच्या मुलाकडून आले होते. मला तिथे जास्त वेळ थांबवेना.

आठवून पाहा, तो ऑगस्ट १६६६ म्हणजे आपले शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले तो महिना. १७ ऑगस्ट ही तारीख मी मुलांकडून दरवर्षी पाठ करून घेतली. पेटाऱ्यांतून सुटकेची गोष्ट सांगताना माझाच आवाज चढायचा. त्याच आठवड्यांत जगाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई शेतात खड्डे खणत होती, हे मला ठाऊक नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकात सुटका येते. न सुटण्याचा निर्णय घेतलेली माणसं त्यात क्वचितच येतात.

त्या एका ऑगस्टमध्ये गावात ७८ माणसं गेली. २५ तारखेला कॅथरिन मॉम्पेसन गेली, वय २७. मुलांना आधीच बाहेर पाठवलं होतं. नवऱ्याने तिलाही जायला सांगितलं होतं, पण ती थांबली आणि घरोघरी आजाऱ्यांना भेटत राहिली. तिचं थडगं मात्र चर्चच्या आवारात आहे. शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ चा. त्यानंतर मॉम्पेसनने एका पत्रात हिशेब दिला: ७६ कुटुंबांत आजार शिरला, २५९ माणसं गेली. गावची वस्ती पूर्वी साडेतीनशेच्या आसपास धरत, अलीकडचे अभ्यासक सातशेच्या जवळपास सांगतात. कुठलाही आकडा घ्या, तीनात एक तरी गेलाच. पण आजूबाजूच्या गावांत साथ पसरली नाही.

दंतकथा किती, खरं किती

इतिहासाची शिक्षिका आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगितल्याशिवाय लेख पुढे जाणार नाही.

ईमची आज सांगितली जाते ती कथा बरीचशी एकोणिसाव्या शतकात रचली गेली. विल्यम वुड नावाच्या स्थानिक लेखकाने १८४२ मध्ये गावाचा इतिहास छापला, त्यात ऐकीव गोष्टी भरपूर आहेत. हद्दीपलीकडून एकमेकांना पाहत राहिलेल्या प्रेमी जोडप्याची गोष्ट त्यातलीच. मेलेल्यांना पुरण्याच्या बदल्यात त्यांचं सामान नेणाऱ्या मार्शल हावची गोष्टही. अलीकडचे इतिहासकार विचारतात, की गरीब गावकऱ्यांनी खरंच मनाने ठरवलं की त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता? श्रीमंत निघून गेले होते. धर्मगुरूची मुलंही बाहेर होती. आणि प्लेगच्या गावचा माणूस शेजारच्या बाजारात दिसला तर त्याला मारून हाकलत, असंही सांगतात. मग बाहेर जाऊन तरी जाणार कुठे?

आणखी एक. २०१६ मध्ये काही संशोधकांनी ईमच्या मृत्यूंच्या नोंदी संगणकावर तपासल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की साधारण तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली, उंदरांकडून फक्त पाव. म्हणजे हद्द घालून घेतल्याने बाहेरची गावं वाचली, पण आत राहिलेल्यांना त्याची किंमत मोजावी लागली असणार.

जाता जाता माझी स्वतःची एक चूकही दुरुस्त करते. 'रिंगा रिंगा रोझेस' हे बालगीत लंडनच्या प्लेगवरून आलं, असं मी कित्येक वर्षं वर्गात सांगितलं. ते खरं नाही. एकोणिसाव्या शतकाआधी ते गाणं कुठे छापलेलं सापडत नाही आणि लोकगीतांचे अभ्यासक हा संबंध मानत नाहीत. माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही आपल्याच सोसायटीत राहतात. त्यांनी नोंद घ्यावी.

एवढं सगळं वजा केल्यावर काय उरतं? चर्चमध्ये मृतांची नावं लिहिलेली वही उरते. शेतातली थडगी उरतात. दगड उरतो. आणि एक गोष्ट उरते, जी मला वाटतं वजा होत नाही: जून १६६६ मध्ये दोन विरोधक एकत्र आले आणि गावाला म्हणाले, आपण थांबू या. आणि बहुतेक गाव थांबलं.

१८९७ आणि माझी नोटीस

परतताना गाडीत मी गप्प होते. सूनबाईला वाटलं, दमले.

आपल्याकडे प्लेग आला सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. तिथून तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा केला. रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरून झडती घेऊ लागले, बायाबापड्यांना बाहेर काढू लागले, सामान जाळू लागले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या वस्तीतून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंतच्या दवाखान्यात गेल्या. मुलगा वाचला, त्यांना लागण झाली, १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हा धडा मी बत्तीस वर्षं शिकवला. माझी आजी सांगायची, की तिच्या लहानपणी गाठीचा ताप आला की सगळं गाव घराला कडी घालून रानात झोपड्यांत राहायला जायचं. उंदीर पडला की निघायचं, एवढं त्या लोकांना शास्त्राच्या आधीच कळलं होतं.

आता आपल्याकडे येते. मार्च २०२० मध्ये मी सोसायटीची सेक्रेटरी होते. राज्य सरकारने तोच १८९७ चा कायदा लागू केला. आणि एप्रिलमध्ये मी एक नोटीस काढली, जी तिन्ही विंगच्या लिफ्टवर चिकटवली होती. त्या नोटिशीच्या पहिल्याच ओळीत त्या कायद्याचं नाव होतं. ज्या कायद्याच्या अंमलाची चीड मुलांना यावी म्हणून मी आवाज चढवून शिकवत असे, तोच मी वर टाकला, खाली सही केली, शिक्का मारला. नोटिशीत मोलकरणींना बंदी होती, पेपरवाल्याला बंदी होती. आणि तिसऱ्या कलमात होतं, की जे सभासद रुग्णालयात कामाला जातात त्यांनी 'इतर सभासदांच्या सुरक्षिततेसाठी' राहण्याची सोय बाहेर करावी.

असे सभासद म्हणजे एकच जण, सी विंगमधली आपली सिस्टर. नाव सगळ्यांना ठाऊक आहे, लिहायची गरज नाही. ती काही न बोलता बॅग घेऊन गेली आणि तीन आठवडे रुग्णालयाच्या वसतिगृहात राहिली. घरी म्हाताऱ्या सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. आम्ही दुधाच्या पिशव्या जिन्यात ठेवत होतो आणि स्वतःला फार चांगलं समजत होतो.

कमिटीवर दबाव होता, फोन येत होते, सगळेच घाबरलेले होते, मीही. हे सगळं खरं आहे. पण त्या दगडापाशी उभी असताना माझ्या लक्षात आलं, की आमचं आणि ईमचं वरवर सारखं दिसतं ते सारखं नाही. त्यांनी हद्द घातली ती आपला आजार बाहेर जाऊ नये म्हणून. आम्ही गेटला कुलूप लावलं ते बाहेरचा आजार आत येऊ नये म्हणून. कुलूप तेच, पण किल्ली उलटी फिरलेली. आणि जी बाई रोज बाहेर जाऊन दुसऱ्यांसाठी जिवाशी खेळत होती, तिलाच आम्ही बाहेर ठेवलं.

मॉम्पेसनच्या बाबतीतही पुढे तेच झालं, हे मला त्या दिवशी संग्रहालयात कळलं. साथीनंतर काही वर्षांनी त्यांची बदली ईकरिंग या गावी झाली. तिथले लोक त्यांना गावात येऊ देईनात. प्लेगच्या गावचा माणूस! साथ संपून वर्षं लोटली होती, तरी ते म्हणे काही काळ गावाबाहेर एका झोपडीत राहिले आणि झाडाखाली उभं राहून प्रवचन देत. ज्या माणसाच्या शब्दाने आजूबाजूचा मुलूख वाचला, त्यालाच शेजाऱ्यांनी वेशीबाहेर ठेवलं. ईकरिंगच्या त्या गावकऱ्यांवर रागवायचा अधिकार मला नाही.

एक विनंती

पुढच्या वर्षी, २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, आपले चार जण गेले. त्यात आपले पहिले चेअरमन होते, ज्यांनी हा प्लॉट शोधला, १९९९ साली नोंदणीसाठी कचेरीचे खेटे घातले आणि पहिल्या पावसात गच्ची गळते म्हणून स्वतः डांबर घेऊन वर चढले. त्यांना शेवटचं पाहता आलं नाही. अॅम्ब्युलन्स निघाली तेव्हा आपण सगळे आपापल्या गॅलरीत हात जोडून उभे होतो, आणि खाली फक्त वॉचमनमामा होते. गेट त्यांनी उघडलं आणि गाडी वळेपर्यंत टोपी काढून उभे राहिले. तेवढीच त्यांची अंत्ययात्रा. आणि त्याच दिवसांत बेड शोधण्यापासून ऑक्सिजन लावण्यापर्यंत आपल्या तीन विंग्जनी कुणाला रात्री-अपरात्री फोन केले, तेही सर्वांना आठवत असेल. सी विंगला. तिने एकदाही तिसऱ्या कलमाची आठवण करून दिली नाही.

ईमचे लोक ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी अजून त्या घळीत जमतात. साडेतीनशे वर्षांनी त्यांना आठवतं, कारण कुणीतरी वहीत नावं लिहून ठेवली. आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांची इतिवृत्तं आहेत. लिफ्टचा खर्च, टँकरची बिलं, पार्किंगची भांडणं सगळं त्यात आहे. पण २०२० आणि २०२१ ची पानं मी काढून पाहिली, तर त्या चार जणांचा उल्लेख फक्त 'शेअर सर्टिफिकेट वारसाच्या नावे करणे' एवढाच आहे. वॉचमनमामांचा उल्लेख नाही. गच्चीवर दोन महिने एकट्यांसाठी डबे करणाऱ्या बी विंगच्या काकूंचा नाही. सिस्टरचा तर नाहीच.

म्हणून माझी कमिटीला विनंती आहे, की या रौप्यमहोत्सवी वर्षात इतिवृत्ताच्या वहीत एक पान त्या दोन वर्षांसाठी लिहावं. गेलेल्यांची नावं, केलेल्यांची नावं. आणि माझी ती नोटीसही त्याला जोडावी, सहीसकट. पुढच्या पंचवीस वर्षांत पुन्हा कधी अशी वेळ आली, तर त्या वेळच्या सेक्रेटरीला ती वाचायला मिळेल.

हा लेख देण्याआधी सिस्टरला वाचून दाखवला. तिच्या परवानगीशिवाय देणार नव्हते. ती ऐकत होती, मध्येच उठून तिने गॅस बंद केला, परत येऊन बसली. मी माफी मागितली. चार वर्षं उशिरा मागितली. ती म्हणाली, "काकू, नोटिशीचं जाऊ द्या. मी ड्यूटी संपल्यावर रोज संध्याकाळी गेटच्या बाहेर येऊन उभी राहायचे आणि आमची छोटी तिसऱ्या मजल्यावरून हात करायची. मामा मला खुर्ची आणून द्यायचे. तेवढं लिहा त्या पानावर."

ते इथेही लिहिलं. पानावरही लिहू.